नवीन डेस्कटॉप घरी आला की आधी त्याचा आवाज ऐका

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात मशीन जोडून झालं की दुकानदार ते सुरू करून दाखवतो. विंडोज उघडतं, एखादं गाणं वाजतं, आपण पैसे देतो आणि खोका ऑटोत टाकून घरी येतो. त्या पाच मिनिटांत मशीन कसं आहे हे कुणालाच कळलेलं नसतं, दुकानदारालाही नाही. एसीच्या गारव्यात, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर, काही लोड नसताना जवळजवळ प्रत्येक मशीन छान चालतं. तुमच्या खोलीत, तुमच्या वायरिंगवर, नागपूरच्या उन्हाळ्यात ते कसं चालतं हे तुम्हालाच बघावं लागतं, आणि तेही दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत.

मी नात्यातल्यांची, शेजाऱ्यांची आणि इंजिनिअरिंगच्या मुलांची मशीनं जोडून देतो. तपासणीची सुरुवात मी आवाजापासून करतो आणि नवख्यांनाही तेच सांगतो. फाइल कॉपी व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला तर कुणाच्या लक्षात येत नाही. आवाजाचं तसं नाही. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (वाजायच्या आधी आवाजाचा तुकडा ठेवायची जागा) असेल, तर पुढचा तुकडा तयार करायला मशीनला जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तो आला नाही की कानाला लगेच 'टक्' ऐकू येतं. शिवाय मदरबोर्डवरचा ऑडिओचा भाग फार नाजूक विजेवर चालतो. अर्थिंग नसेल, एसएमपीएस (डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग) हलका असेल, एखादी वायर ग्राफिक्स कार्डला घासून गेली असेल, तर ते स्क्रीनवर दिसायच्या कितीतरी आधी हेडफोनमध्ये ऐकू येतं.

सामान फार लागत नाही. वायरचा हेडफोन, कारण ब्लूटूथचा हेडफोन बोर्डावरच्या ऑडिओला वळसा घालून जातो. दोन्ही टोकांना ३.५ एमएमची पिन असलेली एक ऑक्स केबल. एक पेनड्राइव्ह, खोलीचं तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर आणि एक वही. वही मी मुद्दाम सांगतोय. आकडे लिहून ठेवले नाहीत तर पुढचं सगळं वाया जातं.

मशीनच्या आधी भिंतीतला प्लग

माझी भाची महालात एका जुन्या घरात भाड्यानं राहते. ऑडिओ पुस्तकांसाठी वाचन करते, त्यासाठी तिला मशीन जोडून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "मामा, हेडफोनमधून भुंग्यासारखा आवाज येऊन राहिला ना. आणि डब्याला हात लावला का मुंग्या येतात." मी दोन दिवस मदरबोर्ड, ड्रायव्हर आणि केबल यांच्या मागे लागलो. शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं स्विचबोर्ड उघडला तेव्हा दिसलं की तीन पिनच्या सॉकेटमधलं मोठं भोक कशालाच जोडलेलं नव्हतं. अर्थची वायर स्विचबोर्डापर्यंत आलेलीच नव्हती. ती ओढून घेतल्यावर भुंगाही गेला आणि मुंग्याही.

हे का होतं ते समजून घ्या. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात. विजेतला उच्च वारंवारतेचा कचरा जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. अर्थच नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. तोच प्रवाह हेडफोनच्या किंवा स्पीकरच्या वायरमधून वाट काढतो आणि घुंऽऽ ऐकू येतं.

म्हणून पहिली पायरी: वायरमनकडून मल्टिमीटरनं तीन मापं घेऊन घ्या. सवय नसेल तर हे स्वतः करू नका. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास असावं, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल ते अर्थ दहा-वीस व्होल्ट दिसले तर आधी वायरिंग, मग मशीन. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट येते. नागपूरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि मातीचा विरोध वाढतो. पावसाळ्यात निमूट चालणारं मशीन एप्रिल-मेमध्ये गुणगुणायला लागलं, तर त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकून बघा.

एक कळकळीची विनंती आहे. गुणगुण थांबवायला कुणी अर्थची पिन कापायला किंवा दोन पिनचा अडॅप्टर लावायला सांगेल. तो सल्ला अजिबात ऐकू नका. आवाज कदाचित थांबेल, पण एसएमपीएस बिघडून फेज पत्र्याला लागली तर तुम्हाला वाचवणारी ती एकच वायर असते.

पहिल्यांदा सुरू करताना

डीडीआर५ रॅमचं मशीन, विशेषतः एएम५ सॉकेटवरचं रायझन (एएमडीचा प्रोसेसर), पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर थांबून राहतं. पंखे फिरतात, दिसत काहीच नाही. नवखा माणूस घाबरून बटण दाबतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. चहा करून या, दहा मिनिटं थांबा.

मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारी बोर्डाची मूळ प्रणाली) जा. रॅमचा वेग बघा. खोक्यावर ६००० लिहिलेलं असलं तरी एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम छापील वेगानं चालवायची सेटिंग) सुरू केल्याशिवाय ती बहुधा ४८०० लाच चालते. दोन कांड्या असतील तर चार खाचांपैकी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, हे तपासा. बहुतेक बोर्डांवर हीच जोडी बरोबर असते, तरी बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती बघून खात्री करा. चुकीच्या खाचांमुळे ड्युअल चॅनल (दोन्ही कांड्या एकाच वेळी वापरणं) मिळालं नाही तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग फार पडतो.

बायोसची आवृत्ती वहीत लिहा, आणि निर्मात्याच्या साइटवर नवी असेल तर ती टाका. दोन उदाहरणांवरून तिचं महत्त्व कळेल. रायझनच्या काही मशीनमध्ये प्रोसेसरमधल्या सुरक्षा मॉड्यूलमुळे मध्येच क्षणभर सगळं अडखळायचं आणि आवाज तुटायचा. एएमडीनं २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि उपाय नव्या बायोसमधून दिला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे खराब होत होते. त्यावरचं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधूनच आलं, आणि इंटेलनं अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुकानात वर्षभर पडून असलेला बोर्ड घेतला असेल तर त्यात जुनंच बायोस असणार. बायोस टाकताना मात्र लाइट जाता कामा नये. यूपीएस नसेल तर वादळाच्या संध्याकाळी हे काम काढू नका.

कानाने तपासणी

आधी बोर्डावर कोणती ऑडिओ चिप आहे ते बघा. स्वस्त बोर्डांवर बहुतेक रिअलटेकची एएलसी८९७ असते, मधल्या आणि वरच्या वर्गात एएलसी१२२० किंवा यूएसबीनं जोडलेली एएलसी४०८०. वरच्या चिपांसाठी १२० डेसिबलचा सिग्नल-टू-नॉइज रेशो (मूळ आवाज गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा) छापलेला असतो. तो चिपचा आकडा झाला. बोर्डावर बसल्यानंतर, आजूबाजूचा गोंगाट धरून, मिळतं त्यापेक्षा कमी, आणि किती कमी हेच आपल्याला शोधायचं आहे. १६ बिटच्या आवाजाची सैद्धांतिक मर्यादाच ९८ डेसिबल आहे, तेव्हा ८९७ असलेला बोर्ड नीट बसवला असेल तर रोजच्या वापराला पुरेसा आहे. चिपचं नाव बघून नाराज होऊ नका.

ड्रायव्हर बोर्डाच्या निर्मात्याच्या साइटवरून घ्या. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा. मग आवाज कुठून बाहेर जातोय ते बघा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला की पुष्कळदा मॉनिटरच पहिलं ऑडिओ उपकरण होऊन बसतो. 'ऑडिओ गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या मशीनांपैकी बऱ्याच मशीनांत एवढंच झालेलं होतं.

आता हिरव्या जॅकमध्ये हेडफोन. डावीकडचा आवाज डाव्याच कानात येतो का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, पिन थोडी फिरवली तर खरखर होते का, हे बघा. गुलाबी जॅकमध्ये माइक लावून एक मिनिट बोला आणि ऐका. मग कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर हेच सगळं पुन्हा. पुढचा जॅक मुकाच असेल तर ती वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या ऑडिओच्या पिनांवर बसवलेली नसते. जुन्या कॅबिनेटमध्ये त्या वायरला दोन तोंडं असतात. त्यातलं एचडी ऑडिओ लिहिलेलं लावायचं, एसी९७ चं मोकळं सोडायचं.

यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते: काहीही न वाजवता ऐकणं. पहाटे उठा, कारण दिवसा कूलरच्या घरघरीत काही कळत नाही. कूलर बंद, पंखा बंद. आवाजाची पातळी पूर्ण वर, पण खात्री करा की काहीच वाजत नाहीये, नाहीतर कानाला इजा होईल. हलकी 'श्शऽऽ' चालेल. माउस हलवला की किर्रकिर्र होते का? खिडकी ओढली, पान वर-खाली केलं की चिरचिर बदलते का? मागच्या जॅकवर शांतता आणि पुढच्यावर किर्रकिर्र असेल तर दोष बहुधा पुढच्या वायरचा. ती ग्राफिक्स कार्डाखालून काढून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याआडून फिरवली की फरक लगेच कळतो. दोन्ही जॅकवर सारखाच त्रास असेल तर अर्थिंग, एसएमपीएस आणि शेवटी बोर्ड, या क्रमानं संशय घ्या. हेडफोन काढल्यावरही डब्यातून बारीक शिट्टी येत असेल तर ती ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या कॉइलची. तिचा ऑडिओशी संबंध नाही.

केबल स्वतःलाच जोडा

कानाला जे कळलं ते आता आकड्यात उतरवू. ऑक्स केबलचं एक टोक हिरव्या जॅकमध्ये, दुसरं निळ्या लाइन-इनमध्ये. मशीन आता स्वतःचा आवाज स्वतः ऐकतं. काही नव्या बोर्डांवर निळा जॅकच नसतो. तिथे गुलाबी वापरा, माइक बूस्ट शून्यावर ठेवा, आणि आकडे थोडे वाईट येणार हे धरून चाला. लाइन-इन 'ऐकण्याचा' पर्याय बंद हवा, नाहीतर आवाज गोल गोल फिरून किंचाळायला लागतो.

आधी ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये ३० सेकंद शांतता ध्वनिमुद्रित करा. मीटरचा काटा उणे ८० डेसिबलच्या खाली राहिला तर छान. उणे ६० च्या आसपास अडकला तर कुठेतरी गडबड आहे. ती कुठे, हे स्पेक्ट्रमच्या आलेखात दिसतं. ५०, १००, १५० हर्ट्झला सुळके म्हणजे घरातली वीज. १ किलोहर्ट्झ आणि ८ किलोहर्ट्झला सुळके म्हणजे यूएसबी, कारण यूएसबीच्या चौकटी सेकंदाला १,००० आणि ८,००० या ठोक्यानं चालतात. असे सुळके दिसले की एकेक यूएसबी वस्तू काढून बघा.

मग आवाज मोजणारा प्रोग्राम घ्या: राइटमार्क ऑडिओ ॲनालायझर किंवा आरईडब्ल्यू, दोन्ही मोफत. पातळी उणे १ ते उणे ३ डेसिबलवर आणा, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटवर चाचणी लावा. गोंगाट, डायनॅमिक रेंज, विकृती, डावी-उजवी एकमेकांत किती मिसळतात, असे आकडे मिळतील. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झची रेघ जवळपास सपाट यायला हवी. मध्येच डोंगर-दऱ्या दिसल्या तर एखादा 'सुधारणारा' पर्याय चालूच राहिलाय. निकाल जपून ठेवा.

या चाचणीला एक मर्यादा आहे. दोन्ही टोकं एकाच बोर्डाला असल्यामुळे मशीन आणि बाहेरच्या स्पीकरमधला ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमधून फिरणारा प्रवाह) इथे दिसत नाही. तो तपासायला स्पीकर लावूनच ऐका. घुंऽऽ आलं तर मशीन आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आता मशीनला कामाला लावा

रॅमपासून सुरू करा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर, एक्सएमपी चालू ठेवूनच, चार फेऱ्या होऊ द्या. एकही चूक खपवून घ्यायची नाही. एक जरी लाल ओळ आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा बघा, तरी आली तर रॅम परत.

प्रोसेसरला सिनेबेंच आर२३ चा दहा मिनिटांचा फेरा द्या, सोबत तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. गुण लिहा, कमाल तापमान लिहा, आणि दहाव्या मिनिटाला प्रोसेसरचा वेग (क्लॉक) किती उरला तेही. पहिल्या मिनिटाचा वेग सगळेच छान दाखवतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना ते बघा, बोर्डाला लावून महिनोन् महिने वापरणारे मी पाहिलेत. एसएसडीचा वेग मोजायला क्रिस्टलडिस्कमार्क. पीसीआयई (एसएसडी बोर्डाला जोडणारी वाट) ३ ची साधारण ३,५०० एमबी प्रति सेकंदापर्यंत जाते, ४ ची ७,००० पर्यंत. चौथ्या पिढीची वेगवान एसएसडी ३,५०० वर अडली तर ती चुकीच्या खाचेत बसलीय. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती तास चालली हेही दिसतं. नव्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर ती नवी नाही, लगेच दुकानात जा.

दोन्ही एकत्र

इथपर्यंत सगळं पास झालेलं मशीनही या पायरीला सापडतं. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते दाखवणारा प्रोग्राम) सुरू करा, मोठं गाणं लावा, वायफायवरून मोठी फाइल उतरवायला घ्या आणि सोबत गेम किंवा ग्राफिक्सची चाचणी चालवा. अर्धा तास तसंच राहू द्या. आवाज एकदाही तुटू नये. लेटन्सीमॉनमध्ये एखाद्या ड्रायव्हरनं १,००० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ प्रोसेसर अडवून धरलेला दिसला तर त्याचं नाव लिहून घ्या. माझ्या हाती आलेल्या मशीनांत सगळ्यात जास्त वेळा ते नाव वायफायच्या ड्रायव्हरचं निघालं. नवा ड्रायव्हर टाकला की प्रश्न मिटतो. लेटन्सीमॉन चालू असताना प्रोसेसरची वीज-बचत थोडी वेगळी वागू शकते, म्हणून ते बंद करून एकदा नुसत्या कानानंही ऐका.

मग ऑक्स केबल परत लावा आणि लोड चालू असतानाच राइटमार्कची चाचणी पुन्हा घ्या. रिकाम्या मशीनचा आणि लोडखालच्या मशीनचा गोंगाट शेजारी शेजारी ठेवा. दोन-तीन डेसिबलचा फरक चालतो. दहा-पंधरा डेसिबल बिघडत असेल तर ग्राफिक्स कार्ड वीज ओढतं तेव्हा ती घाण ऑडिओपर्यंत पोचतेय. शक्य असेल तर मित्राचा एसएमपीएस एक दिवसासाठी लावून बघा. भाचीसारखं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ही पायरी सोडूच नका. ज्यांना फक्त गाणी ऐकायची आणि अभ्यास करायचा आहे त्यांनी कानानं ठीक वाटलं की पुढे जावं.

दुपारी तीन वाजता

प्रोसेसर खोलीपेक्षा किती तापतो, हा फरक साधारण ठरलेला असतो. दुकानात २४ अंशांत ७६ दाखवत असेल तर फरक ५२. तेच मशीन मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जाणार. म्हणून हिवाळ्यात घेतलेल्या मशीनचंही हे गणित आताच मांडून ठेवा. रायझन ७००० मधले काही प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेले आहेत, इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीची मर्यादा १०० आहे. अशा वेळी तापमानापेक्षा वेगाकडे बघा: दुपारी तीनला दहा मिनिटांच्या फेऱ्यात गुण सकाळपेक्षा किती पडले? पाच टक्क्यांच्या आत असेल तर निवांत राहा. जास्त पडले तर आधी प्रोसेसरवरचा कूलर नीट दाबून बसलाय का, पेस्टवरचं प्लास्टिक काढलंय का, पुढचा पंखा हवा आत ओढतोय की बाहेर फेकतोय, हे बघा.

आणि डब्यावर खोलीतल्या कूलरचा झोत सोडू नका. त्या हवेतून येणारे पाण्याचे बारीक कण वाळले की मागे क्षार राहतात, धूळ त्यावर चिकटते, आणि उघडे ऑडिओ जॅक आधी गंजतात. डबा कूलरपासून हातभर बाजूला, जमिनीपासून थोडा वर ठेवा.

काही बिघाड सापडला तर दुकानात 'बरोबर चालत नाही' एवढंच सांगू नका. वही उघडून दाखवा: खोलीचं तापमान इतकं, बायोस हे, चाचणी ही, इतक्या मिनिटांनी हे झालं. हेडफोनमधली खरखर फोनवर ध्वनिमुद्रित करून न्या. असं समोर ठेवल्यावर बदलून मिळायला मला फार त्रास झालेला नाही. वहीचं पान खोक्यात बिलासोबत ठेवा, आणि पुढच्या वर्षी नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी धूळ साफ करून याच चाचण्या पुन्हा घ्या.